मेंदूचा फोटो आणि पहिले चोवीस तास

ज्येष्ठ-आषाढात बुलढाणा जिल्ह्यात पेरणीची घाई असते. याच दिवसांत, जून ते ऑगस्टदरम्यान, विदर्भातल्या लहान मुलांमध्ये एक आजार डोकं वर काढतो. सकाळी खेळणारं लेकरू दुपारी तापानं फणफणतं, उलट्या होतात, आकडी येते आणि रात्रीपर्यंत शुद्ध हरपते. घरचे म्हणतात, ताप मेंदूत चढला. डॉक्टर मेंदूज्वर म्हणतात. त्यामागे अनेक विषाणू असू शकतात. त्यांतल्या एकाचं नाव मात्र आपल्याच मातीतलं आहे. चांदीपुरा.

हे नागपूरजवळचं गाव. 1965 मध्ये तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, एनआयव्ही) पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना एक अनोळखी विषाणू सापडला. 1967 मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. 1970 मध्ये आणखी एक छोटा शोधनिबंध आला. औरंगाबादला पकडलेल्या वाळूमाशांमध्ये हाच विषाणू मिळाल्याची नोंद त्यात होती. तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, ज्यात जालनाही होता, बुलढाण्याला लागून. त्या निबंधाकडे आपण पुरेसं पाहिलं नाही असं मला वाटतं. दोन-तीन मिलिमीटरची ही माशी मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, उकिरड्यालगतच्या ओलीत वाढते आणि रात्री चावते. संग्रामपूर असो की लोणार, असे गोठे आणि अशा भिंती जिल्ह्यात कुठं नाहीत?

2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली, त्यांतली 183 दगावली. महाराष्ट्रातही साथ होती. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की हा चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर आहे. विषाणू रुग्णांमधून वेगळा काढला होता आणि दगावलेल्या एका बालकाच्या मेंदूच्या ऊतीतही त्याचा अंश मिळाला होता. हैदराबादकडचे डॉ. पी. एन. राव आणि त्यांचे सहकारी मात्र या निष्कर्षाशी सहमत नव्हते. मुलांच्या मेंदूचे सीटी आणि एमआरआय स्कॅन, तसंच रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी यांच्या आधारे त्यांनी वेगळं निदान मांडलं. त्यांच्या मते हा मेंदूचा दाह नव्हता, मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटला होता. त्यातही मधल्या धमनीच्या क्षेत्रातला. त्यांनी नाव दिलं, 'एपिडेमिक ब्रेन अटॅक'. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनीही मेंदूज्वर या निदानावर प्रश्न उभे केले.

हा वाद मिटवायला भरपूर स्कॅन आणि शवविच्छेदनं लागतात, आणि नेमकी तीच मिळत नाहीत. एमआरआयला बरीच मिनिटं लागतात, यंत्राचा आवाज मोठा आणि मूल तसूभरही हलून चालत नाही. म्हणून बहुधा झोपेचं औषध आणि जवळ भूलतज्ज्ञ हवा. आकडीत असलेल्या, श्वास अडखळणाऱ्या मुलाला यंत्राच्या नळीत सरकवणं धोक्याचं असतं. सीटी काही सेकंदांत होतो, पण त्यात किरणोत्सर्ग असतो आणि दाहाच्या सुरुवातीच्या खुणा त्यात निसटतात. चांदीपुऱ्यात अनेक मुलं एक-दोन दिवसांत दगावतात. ज्यांचा फोटो निघतो ती बहुतेक तग धरलेली मुलं, त्यामुळे हाती येणारं चित्र अपुरंच राहतं.

तरीही फोटो वाया जात नाही. जपानी मेंदूज्वरात दोन्ही बाजूंचा थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मध्यातली संदेशांची चौकी, उजळलेला दिसतो. नागीण कुळातल्या हर्पीसचा ओढा कानशिलामागच्या भागाकडे. तान्ह्या बाळात मात्र तो कुठंही पसरतो. विषाणूतापानंतर काही दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या पांढऱ्या भागावर उलटते तेव्हा ठिकठिकाणी डाग दिसतात आणि तिथं स्टिरॉइड कामाला येतं. जपानमध्ये 1995 मध्ये वर्णिलेल्या आणखी एका प्रकारात, इन्फ्लुएन्झासारख्या तापानंतर, दोन्ही थॅलॅमस काही तासांत मृतवत होतात. क्षयाचा मेंदूज्वर किंवा मेंदूतला गळू असेल तर तोही फोटोत ओळखता येतो. हर्पीसला असायक्लोव्हिर आहे, क्षयाला औषधं आहेत, चांदीपुऱ्याला खास औषध नाही. म्हणून उपचार होऊ शकणारा आजार हातचा जाऊ नये, हा स्कॅनचा खरा उपयोग. पण थॅलॅमस उजळला म्हणजे अमुकच विषाणू असं होत नाही; डेंगीतही तो उजळतो. विषाणूचं नाव रक्त आणि पाठीतलं पाणी सांगतं, आणि ते पाणी काढू द्यायला आई-बाप घाबरतात. सुईनं मूल लुळं पडतं ही भीती गावोगाव आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटं बसून तिचं निरसन केलंच पाहिजे.

बुलढाण्याची आणखी एक अडचण नकाशात आहे. जिल्ह्याचं गाव घाटावर, रेल्वेपासून दूर. खालचे तालुके सपाटीवर. जळगाव जामोदच्या लेकराला राजूर घाट चढून बुलढाण्याला न्यायचं की अकोल्याला? देऊळगाव राजाला जालना जवळ, मलकापूरला खानदेशातलं जळगाव. वेळ महत्त्वाचा, म्हणून जवळ तिकडे जाणं बरोबरच. पण त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या मुलांचे स्कॅन, नमुने आणि नोंदी चार दिशांना विखुरतात आणि जिल्ह्याचं चित्र कुणाच्याच टेबलावर एकत्र येत नाही. याउलट, चांदीपुऱ्याच्या 2024 च्या साथीत गुजरातमध्ये हिंमतनगरच्या बालरोगतज्ज्ञांनी नमुने तातडीने पुण्याला धाडले, म्हणून साथ ओळखली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनुसार देशभरात त्या जूनच्या सुरुवातीपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू. चांदीपुरा सिद्ध झालेले 64.

बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2024 च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं. पावसाळ्यात मेंदूज्वरानं आजारी पडलेल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाची, मग ते अकोल्याला गेलेलं असो की जालन्याला, एक नोंदवही तिथं ठेवली जावी: आजाराची पहिली वेळ, स्कॅन, नमुना, शेवट. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि पालकांना विनंती. तापात आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि 108 ला फोन करून लगेच निघा. स्कॅनसाठी थांबून आकडी थांबवण्याचं औषध, साखरेची तपासणी आणि श्वासाची मदत लांबू देऊ नका. मूल बरं झालं तरी स्कॅनची प्लेट आणि डिस्चार्ज कार्ड टाकून देऊ नका. पुढच्या डॉक्टरला ते लागणार आहे.