घटसर्पाची लस : गोठ्यात आणि शाळेत

मृगाचा पाऊस पडण्याआधी शहाणा शेतकरी जनावरांना घटसर्पाची लस टोचून घेतो. त्याला कुणाची नोटीस लागत नाही. मागे कधी शेजारचा बैल रातोरात गेला, तेवढी आठवण पुरते. पण पोराला घटसर्पाची लस केव्हा द्यायची, असे विचारा. तोच गडी बायकोच्या तोंडाकडे बघतो!

नाव एक असले तरी जनावराचा घटसर्प वेगळा, माणसाचा वेगळा, जंतूच निराळे. पोराच्या घशात करडा पडदा धरतो, श्वास कोंडतो, विष हृदयापर्यंत पोचते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचले की आईबाप निर्धास्त होतात. चुकते ते इथेच. लसीचा जोर वर्षांमागून उतरत जातो. म्हणून दीड वर्षाला एक, पाच-सहा वर्षांना एक, आणि पुढे १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची, अशा मात्रा सरकारी केंद्रात फुकट मिळतात. विळा, खिळा, शेणमाती यांच्याशी रोज गाठ असलेल्या घरात धनुर्वाताचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मग शाळेत सक्ती का नाही? देवीच्या लसीसाठी १८८० साली इंग्रज सरकारने सक्तीचा कायदा केला होता. देवी गेली, भारतातला शेवटचा रोगी १९७५ चा. आज मात्र लस नाही म्हणून शाळेत नाव घालू नये, असा देशभर लागू असलेला कायदा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातल्या शाळांतून ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस दिली गेली. तशाच मोहिमेबाबत जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले, की पालकांच्या संमतीविना शाळेत टोचू नये. आमच्या मते ते रास्तच. पोर आपले, तर विचारायलाही आपल्यालाच हवे. पण विचारले म्हणजे नाहीच म्हणायचे, असे थोडेच आहे? २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, तेव्हा दगावलेल्या मुलांत बहुतेक लस न घेतलेलीच होती.

कार्ड हरवले असेल तर लाजू नका. उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या वहीत नोंद सापडते. आशाताईंना सोबत न्या. पाच वर्षांची मात्रा राहिली असेल तर सातवे वर्ष पुरे होण्याआधी जा. टोचल्यावर एखाद-दुसरा दिवस हात दुखतो, अंग कोमट होते. त्या दिवशी पोराला शेतावर पिटाळू नका.