लेखांक ९ : चार ओळींची मोजदाद

समजा, वाशीमच्या बाजार समितीत आलेल्या सोयाबीनच्या वजनांचा मोठा तक्ता एका सी प्रोग्रॅमच्या हाती दिला आहे : १०२४ ओळी, १०२४ रकाने. प्रोग्रॅम फाइल वाचतो, तक्ता भरतो, बेरीज करतो, उत्तर छापतो. बेरजेचा भाग जेमतेम चार ओळींचा. तेवढा भाग प्रोसेसरला किती जड जातो, हे पाहायचं आहे.

खऱ्या संगणकावर हे अवघडच. जीप्रॉफसारखं जुनं साधन सेकंदाला साधारण शंभरदा डोकावून प्रोग्रॅम कुठे पोहोचला ते टिपतं. बेरीज काही मिलिसेकंदांत उरकते, त्यामुळे ती एकदाही नजरेस न पडण्याची शक्यता भरपूर. दोन्ही बाजूंना घड्याळ लावलं, तर घड्याळ वाचण्याचा वेळही हिशोबात शिरतो.

जेम५ सिम्युलेटरमध्ये घड्याळच सॉफ्टवेअरमधलं. मिशिगन विद्यापीठाचा एम५ आणि विस्कॉन्सिनचा जेम्स एकत्र करून तो तयार झाला आणि २०११ च्या शोधनिबंधातून सर्वांपुढे आला. बेरजेआधी ‘एम५_रिसेट_स्टॅट्स’ आणि नंतर ‘एम५_डंप_स्टॅट्स’ लिहिलं की मधल्या भागाचे आकडे वेगळे निघतात. ते फाइलीत उतरेपर्यंत सिम्युलेटरमधला काळ जागचा हलत नाही.

आता बेरीज दोन तऱ्हांनी करून पाहू. प्रत्येक आकडा ८ बाइटचा, कॅशेची एक लाइन ६४ बाइटची, पहिल्या पातळीचा डेटा कॅशे ३२ केबीचा. ओळीमागून ओळ घेतली तर एका लाइनीत आठ आकडे मिळतात. आगाऊ आणण्याची सोय बंद ठेवली तर सुमारे १,३१,००० मिस, म्हणजे हवा तो आकडा कॅशेत न सापडण्याचे प्रसंग. रकान्यामागून रकाना घेतला तर? एका रकान्यासाठी १०२४ लाइनी लागतात आणि कॅशेत मावतात ५१२. पुढच्या रकान्याची पाळी येईपर्यंत आधीच्या लाइनी बाहेर पडलेल्या असतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक आकड्याला मिस : साडेदहा लाखांच्या घरात. बेरीज तीच, उत्तरही तेच.

इथे नवशिके हमखास फसतात. बेरजेचं उत्तर पुढे कुठे वापरलंच नाही, तर ‘-ओ२’ लावलेला कंपायलर अख्खं लूप उडवून टाकतो आणि मिस एकदम नाहीसे झाल्याचा आनंद होतो! दोन खुणांच्या मध्ये एखादा ‘प्रिंटएफ’ राहून गेला, तर आकडे त्याचेच जास्त. शिवाय प्रोग्रॅम संपताना जेम५ ‘स्टॅट्स.टीएक्सटी’मध्ये आणखी एक गठ्ठा जोडतो. घाईत शेवटचा गठ्ठा वाचणाऱ्याच्या हाती नुसत्या बेरजेचे नव्हे, बेरजेनंतरचं कामही धरलेले आकडे येतात.

वेगाचं दुखणं मात्र खरं आहे. प्रोसेसरचं बारकाईचं मॉडेल सेकंदाला लाखभर सूचना चालवतं असं धरलं, तर खऱ्या यंत्रावर सेकंदभरात होणाऱ्या २०० कोटी सूचनांना २०,००० सेकंद लागतील, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त. म्हणून तक्ता भरण्यापर्यंतचं काम साध्या, वेगवान मॉडेलवर उरकून चेकपॉइंट घेतात आणि बेरजेपुरतं बारकाईचं मॉडेल लावतात. पण जेम५च्या साध्या कॅशे मॉडेलमध्ये चेकपॉइंट मेमरी आणि रजिस्टर जपतो, कॅशेतला मजकूर नाही. कॅशेत सहज मावणारा छोटा तक्ता असेल, तर ही थंड सुरुवात सगळा निकाल फिरवते. त्यावर उपाय म्हणजे लूप एकदा न मोजता चालवून घेणं आणि मोजणी दुसऱ्या फेरीपासून धरणं.

ही कटकट करायची कशाला? आयआयटी मुंबईचा ‘अजित’ हा स्पार्क व्ही८ जातीचा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. तो मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडवला गेला. अशी चिप एकदा घडली की कॅशेचा आकार बदलता येत नाही. सिम्युलेटरमध्ये तो बदलायला एक पॅरामीटर पुरतो.

मोजण्याजोगा तुकडा कुठला, हेच ठाऊक नसेल तर काय करायचं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत त्यासाठी निघालेल्या सिमपॉइंट पद्धतीकडे पुढच्या आठवड्यात वळू.