दादरचा ‘एक नंबर’ फलाट आता एकच; मग आधी दोन का होते?

दादरला भेटायचं ठरलं की पूर्वी हा प्रश्न हमखास यायचा: ‘एक नंबर म्हणजे सेंट्रलचा की वेस्टर्नचा?’ ९ डिसेंबर २०२३पासून तो निदान कागदावर तरी मिटला. मध्य रेल्वेने आपल्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक दिले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले.

मुळात हा घोळ झाला कसा?

दादर हे कधी एक स्टेशन नव्हतंच. १८५३मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती जीआयपी कंपनीची. शेजारचा मार्ग नंतर बीबी अँड सीआय कंपनीने आणला. कंपन्या दोन, म्हणून स्टेशनंही दोन. १९५१मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या, पण फलाटांचे आकडे ज्याचे त्याचेच राहिले. नवखा माणूस सामान घेऊन भलत्याच ‘एक नंबर’वर पोहोचला, की पूल ओलांडेपर्यंत गाडी सुटायची भीती.

जुना कुठला, नवा कुठला?

क्रमांक बदलण्याआधी मध्य रेल्वेने गर्दीमुळे २ नंबर बंद करून १ नंबर रुंद केला. तिथून सुटणाऱ्या लोकल परळहून सुटू लागल्या. त्यामुळे जुना १ आता ८ झाला, जुना ३ झाला ९ आणि जुना ८ थेट १४. खरी मेख इथेच आहे. रोजचा प्रवासी ‘८ नंबर’ सांगतो तेव्हा तो जुना की नवा, हे विचारून घ्या.

मे २०२५पासून दादरला मेट्रो ३सुद्धा आहे. त्यासाठी पश्चिमेला बाहेर पडायचं.