आग विझवणाऱ्यावरच संशय

चैत्रात चंद्रपूर-गडचिरोलीचे रान धुमसू लागले की गावात कुजबूज सुरू होते : “विझवणाऱ्या मजुरानेच लावली असेल, रोजीचे दिवस वाढावेत म्हणून!”

असे जगात घडलेच नाही, असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल शहरी जॉन ऑर हा अग्निशमन दलाचा कॅप्टन होता. आगी कोणी लावल्या हे शोधणे, हेच त्याचे काम! १९८४ साली जवळच्या साउथ पासाडेना येथे एका दुकानाला आग लागून चौघे मेले. त्यांत दोन वर्षांचे एक पोर होते. १९८७ साली फ्रेस्नोला आग-तपासनिसांची परिषद भरली आणि त्याच सुमारास आसपासच्या शहरांत दुकाने पेटली. बेकर्सफील्डच्या दुकानात सिगारेट, काड्या आणि वहीचा कागद सापडला. त्या कागदावरचा बोटाचा ठसा अखेर ऑरचा निघाला. १९९१ साली त्याला अटक झाली, १९९८ साली त्या चार मृत्यूंबद्दल जन्मठेप.

पण तेथे ठसा होता. आपल्याकडे नुसती कुजबूज असते. म्हणून कोणाचे नाव घेण्याआधी जाळ कोठून निघाला ते पाहून या. पुष्कळदा तो मोहाच्या बुडाशी सापडेल. फुले वेचायला सोपे जावे म्हणून पाला पेटवतात, वारा सुटतो आणि रान जाते. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पाला खराट्याने झाडून दूर सारा, झाडाखाली जुने लुगडे अंथरा. फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूसाठीही आग नको. झुडपे वेळेवर छाटली की पालवी फुटते.