'कळवू' म्हणाले, पुढे काय?

मुलाखतीच्या खोलीतून उमेदवार बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कानावर पडणारे शेवटचे वाक्य सगळीकडे सारखेच असते. 'ठीक आहे, आम्ही कळवू.' सरकारी कचेरीत ते चष्म्याआडून येते, कंपनीत हसून येते, एखाद्या शिक्षणसंस्थेत चहाच्या कपाबरोबर येते. तोंडावर 'नाही' म्हणण्याचा आपल्याकडे फार संकोच. आलेल्या स्थळालासुद्धा आपण नाही म्हणत नाही, 'पत्रिका जुळत नाही' म्हणतो. मग नोकरी मागायला आलेल्याला नाही कोण म्हणणार? त्यामुळे नकार येतो तो बहुधा मौनाच्या रूपाने. आणि मौनाची अडचण अशी, की त्याचा नकार नेमका कोणत्या दिवशी झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

टोकावडे परिसरातल्या माध्यमिक शाळेत माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिलो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव मागे टाकत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. मुरबाड तालुक्यात रेल्वे अजून आलेली नाही. त्यामुळे ठाण्याला किंवा मुंबईला दहाची मुलाखत असली, की पहाटेची एसटी, मुरबाड, कल्याण आणि पुढे लोकल असा प्रवास ठरलेला. भाडे, झेरॉक्स, दुपारचा वडापाव धरला तर एका मुलाखतीत घरातल्या कुणाची तरी एका दिवसाची मजुरी सहज जाते. शर्ट अनेकदा चुलतभावाचा असतो. संध्याकाळी परतल्यावर एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत चार जण विचारतात, 'काय झालं रे?' पोरगा म्हणतो, 'कळवतो म्हणाले.' आठ दिवसांनी तेच चार जण पुन्हा विचारतात. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. म्हशाचा बैलबाजार मोठा, पंचक्रोशीतले सगळे नातेवाईक तिथे भेटतात. बैलाचे दात पाहून झाले, की मामा-मावसे भाच्याकडे वळतात: 'लागलास का कुठं?' जत्रेला येईनासे झालेले दोन-तीन तरुण मला माहीत आहेत.

आमच्या शाळेतून शिकून पुढे बी. कॉम. झालेली एक मुलगी कल्याणकडच्या एका खासगी कचेरीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. 'आठवड्यात कळवू' म्हणाले होते. आठवड्याचे तीन आठवडे झाले. तिच्या पाड्यावर मोबाइलला रेंज धड मिळत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी चालत मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन फोन पाहायची. इकडे घरच्यांनी निकाल लावूनही टाकला होता. आई मला म्हणाली, 'गुरुजी, तिला इंग्रजी बोलता येत नाय, मंग कोन घेईल? उगाच भाडी घालवायची.' वडिलांनी स्थळे पाहायला सुरुवात केली. मुलगीही हळूहळू इंग्रजीलाच दोष देऊ लागली. मुलाखतीत अडखळलेले एक वाक्य तिने मला निदान पाच वेळा ऐकवले असेल.

मी तिला विचारले, 'तू त्यांना विचारलंस का?' ती म्हणाली, 'सर, असं विचारायचं असतं? त्यांना राग नाही येणार?'

या प्रश्नापाशी मला 'अग्निपंख' आठवते. डॉ. अब्दुल कलामांचे हे आत्मचरित्र माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत आणि शाळांच्या कपाटांत पोचले. त्यातला १९५८ सालचा प्रसंग पुष्कळांना पाठ असतो. तरुण कलामांनी दोन मुलाखती दिल्या. एक दिल्लीत संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात, दुसरी डेहराडूनला हवाई दलासाठी. डेहराडूनला पंचवीस उमेदवारांत आठ जागा होत्या आणि कलाम नववे आले. लहानपणापासून उराशी बाळगलेले विमान चालवण्याचे स्वप्न एका क्रमांकाने हुकले. मग ते हृषीकेशला गेले, गंगेत स्नान केले, स्वामी शिवानंदांना भेटले. भाषणांतून ही गोष्ट इथपर्यंत सांगितली जाते आणि टाळ्या पडतात.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पान. हृषीकेशहून कलाम दिल्लीला परतले आणि त्या पहिल्या कचेरीत जाऊन आपल्या मुलाखतीचे काय झाले याची त्यांनी चौकशी केली. उत्तरादाखल त्यांच्या हातात नेमणुकीचे पत्र ठेवण्यात आले. मूळ पगार महिना अडीचशे रुपये. पुढचा सगळा इतिहास त्या चौकशीनंतरचा आहे. स्वामीजींच्या उपदेशाचे मोल मी कमी करत नाही, पण उपदेश ऐकून तो माणूस कचेरीची पायरी चढला हेही मुलांना सांगायला हवे. शिवाय त्यांनी एकाच मुलाखतीवर सगळी भिस्त ठेवलेली नव्हती, हेही.

आपल्याकडे मात्र चौकशी करणे म्हणजे लाचारी असा समज घट्ट बसला आहे. नाही तर दुसरे टोक: आमदाराची चिठ्ठी, कुणाच्या तरी साडूची ओळख. स्वतः, स्वतःच्या नावाने, सरळ विचारणे हा मधला रस्ता ओस पडलेला असतो.

त्या मुलीने विचारले. चार ओळींचे पत्र ईमेलने पाठवले, चार दिवस थांबून एक फोन केला. उत्तर मिळाले: ती जागा भरलीच नव्हती. मुलाखती घेऊन झाल्यावर कंपनीने ते पदच रद्द केले. इंग्रजीचा संबंध नव्हता, तिचाही नव्हता. नोकरी मिळाली नाही ती नाहीच, पण एक महिना जो दोष ती अंगावर वागवत होती तो उतरला आणि पुढच्या मुलाखतीचे भाडे वडिलांनी स्वतः काढून दिले. स्थळे पाहणे चालूच आहे, ते काही थांबलेले नाही.

खासगी नोकरीत उत्तर द्यायला कुणी बांधील नसते. मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा भिवंडीच्या गोदामांत तर भरती बहुधा ठेकेदारामार्फत होते, तिथे पत्र पाठवायचे कुणाला हाच प्रश्न. सरकारी नोकरीत तसे नाही, आणि हे आपल्या लोकांना पुरेसे ठाऊक नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'गट क' आणि 'गट ड'च्या पदांना व 'गट ब'च्या अराजपत्रित पदांना मुलाखतच बंद केली. जिथे लेखी परीक्षा आहे तिथे आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. लोकसेवा आयोगांच्या परीक्षांबाबत पुढच्या निकालांनी त्याला मर्यादा घातल्या आहेत. मुलाखत घेणाऱ्यांची नावे मागितली तर मिळत नाहीत, तेही न्यायालयानेच ठरवले आहे. पण माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आपले गुण, शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण, प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक हे विचारता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, उत्तर नाही आले तर पहिले अपील आहे. प्रतीक्षा यादी साधारणपणे वर्षभर किंवा पुढची जाहिरात निघेपर्यंतच जिवंत असते. वर्षभर गप्प बसून मग चौकशीला गेलेल्याच्या हाती काही लागत नाही.

आमच्याकडची बरीच मुले पोलिस भरतीला उतरतात. तिथे मुलाखत नाही, सोळाशे मीटरची धाव आणि गोळाच मुलाखत घेतात. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी ही पोरे दिसतात, ट्रकचे दिवे अंगावर घेत. २०२४ च्या राज्यातल्या भरतीत सतरा हजारांच्या वर जागा होत्या आणि सतरा लाखांच्या वर अर्ज. शंभरामागे एक. म्हणजे नव्याण्णव जणांना नकार मिळणार हे जाहिरात निघाली त्याच दिवशी ठरलेले होते. नव्याण्णव घरांत मात्र 'आपलंच पोरगं कमी पडलं' अशी चर्चा होते. हा हिशेब आईबापांना एकदा कागदावर मांडून दाखवावा लागतो. मी दाखवतो. काहींना पटतो.

याहून अवघड अवस्था निवड होऊनही ताटकळलेल्यांची. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २०२३ च्या भरतीत या क्षेत्रांतल्या सतरा संवर्गांच्या नेमणुका सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळे अडकल्या. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशी ही पदे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला मोठे आंदोलन झाले आणि त्यानंतर मानधनावर नेमणुका देण्याचे ठरले. उत्तीर्ण झालेल्या मुलाला शेजारी विचारतात 'झालास ना पास? मग घरी कसा?' तेव्हा त्याने काय सांगावे?

घरच्यांना माझे एवढेच म्हणणे असते, की पहिले दोन दिवस त्याला प्रश्न विचारू नका, आणि नंतर 'काय झालं' याऐवजी 'काय काय विचारलं' असे विचारा. त्यावर मुले बोलतात. कोणता प्रश्न अडला ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवायला सांगा, आठवड्याने आठवत नाही. ज्या मुलाचे जेवण तुटले, झोप उडाली, जो घराबाहेर पडेनासा झाला, त्याला मात्र 'टेन्शन घेऊ नको' म्हणून सोडून देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, आणि पंधरवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. लाजण्याचे कारण नाही.

चौकशीच्या पत्राचा मजकूर मागायला मुले येतात. मुलाखत झाल्यावर दोन दिवसांत एक, आणि सांगितलेली मुदत उलटून आठवडा झाला की दुसरे, अशी दोनच पत्रे. तिसरे पाठवू नये, तो वेळ दुसऱ्या अर्जाला द्यावा. दुसऱ्या पत्राचा मजकूर मी असा देतो: 'अमुक तारखेला अमुक पदासाठी मी आपल्याकडे मुलाखत दिली होती. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावा. निवड झाली नसल्यास मी कशात सुधारणा करावी हे एका ओळीत सांगितल्यास आभारी होईन. पुढे जागा निघाल्यास माझ्या नावाचा विचार व्हावा, ही विनंती.' खाली पूर्ण नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर. एक स्वतःचा आणि दुसरा मोठ्या रस्त्यावर दुकान असलेल्या कुणाचा तरी, कारण पाड्यावर रेंज नसते. दुकानदाराला आधी विचारून ठेवावे.