महिधरपुऱ्यातला ओटा

दुपार कलली की सुरतच्या महिधरपुऱ्यात दुचाकी पुढे सरकेनाशी होते. जुन्या घरांच्या ओट्यांवर, उभ्या स्कूटरच्या सीटवर, लहानशा टेबलांभोवती हिऱ्यांचे दलाल दाटीवाटीने बसतात. एक जण खिशातून कागदाची पुडी काढतो, दुसरा ती उलगडून चिमट्याने एकेक हिरा उचलतो आणि डोळ्याला भिंग लावतो. रंग पारखायला दिवसाचा उजेड लागतो. ही घरे अरुंद आणि खोल. आत दिवे लावावे लागतात. त्यामुळे ओट्याला भाव आहे.

ओट्यामागे ओसरी, मग उजेड-वारा आत घेणारा चौक, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि वर माडी. पुण्या-नाशिकचा वाडा पाहिलेल्या माणसाला ही रचना अनोळखी वाटत नाही. सांगाडा लाकडाचा, मधली भर विटांची. एप्रिल १८३७ च्या आगीत सुरतेची नऊ हजारांवर घरे जळाली, त्याच वर्षी तापीचा पूरही आला. तरी शहर पुन्हा लाकडातच उभे राहिले.

या घरांत धंदा शिरला म्हणून ती बिघडली, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. सुरतेत घर आणि कारखाना कधी वेगळे नव्हतेच. जरीवाल्यांच्या घरात चपटी केलेली चांदीची तार धाग्यावर गुंडाळली जाई, त्यावर सोन्याचे पाणी चढे, आणि पलीकडे चूलही पेटलेली असे. काम करणारे तिथेच राहत. पावसाळ्याआधी कौले चाळली जात, वासा कुजला तर लगेच कळे.

बदलले ते हे राहणे. कुटुंबे अडाजण, वेसूच्या फ्लॅटमध्ये गेली. गाडी दारात लागते, लिफ्ट आहे, हे कारण साधे आणि रास्त आहे. मागे उरलेल्या घराचे खोलीखोलीने भाडे येते. ओसरीत काचेची केबिन उभी राहते, चौकावर पत्रा चढतो, एसीसाठी भिंतीला भोक पडते. चौक झाकला की वारा थांबतो, ओल भिंतीतच राहते, आणि लाकूड आतून पोखरले तरी संध्याकाळी कुलूप लावून जाणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तापीपलीकडच्या रांदेरमध्ये प्रकार वेगळा. रंगूनच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या वोरा घराण्यांनी तिथे सुंदर कोरीवकामाची घरे बांधली. ब्रह्मदेशाची आठवण असलेला खावसा हा पदार्थ तिथे आजही विकला जातो, गिऱ्हाइकांची गर्दी असते. पण कित्येक घरांचे वारस दक्षिण आफ्रिकेत, इंग्लंडमध्ये. एका छपराच्या दुरुस्तीला चार देशांतून होकार आणायचा म्हणजे तेवढ्यात आणखी एक पावसाळा उलटतो.

गोपीपुऱ्यात कवी नर्मद यांचे ‘सरस्वती मंदिर’ हे घर स्मारक म्हणून जपले आहे. प्रत्येक घराला असा कवी कुठून मिळणार?

डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला हिऱ्यांच्या व्यापारासाठी बांधलेल्या सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले: ६७ लाख चौरस फूट जागा, चार हजारांवर कार्यालये. तरीही महिधरपुऱ्याचा बाजार लगोलग हलला नाही. तो उद्या हलला, तर भाडे थांबेल आणि केबिनी रिकाम्या होतील. तेव्हा चौकावरचा पत्रा काढून तिथे पुन्हा राहायला यायचे, की जागा बिल्डरला द्यायची, हे घरमालकांना ठरवावे लागेल. महापालिकेला या घरांची खरी काळजी असेल, तर राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी पैसे आणि लाकूडकाम जाणणारे सुतार यांची सोय तिने त्याआधीच करायला हवी.