आयडल बिघडलेली गाडी : पार्ट बदलण्याआधी दोष शोधा

धर्माबाद हे मिरचीच्या बाजारपेठेचे गाव. एका बाजूला उमरी आणि नांदेड, दुसऱ्या बाजूला सीमेपलीकडे बासर आणि निजामाबाद. अशा गावात गाडी म्हणजे व्यापाऱ्याचे पाय आणि गाडी दुरुस्त करणाराच त्या पायांचा हकीम. परंतु हकिमाने नाडी न पाहताच औषध दिले तर काय होते, हे आपल्या गॅरेजवाल्या बंधूंना वेगळे सांगायला नको.

समजा, उमरीचे एक गिऱ्हाईक आले. म्हणाले, "मिस्त्री, फाटकावर गाडी उभी केली की सगळी थरथरते, कधी आपोआप रेस होते." मिस्त्रीने प्लग बदलले, फरक पडला नाही. मग कॉइल बदलली, मग पेट्रोल पंप. बिल फुगले, गाडी होती तशीच. शेवटी स्क्रू फिरवून आयडल चढवून दिले. थरथर दबली, दोष आतच राहिला. पुढच्या खेपेस ते गिऱ्हाईक नांदेडला गेले आणि जाताना आणखी चार जणांना सोबत घेऊन गेले. नुकसान एका बिलाचे नाही, भरवशाचे झाले.

जुने इंजिन, नवे इंजिन

अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी आणि 1983 साली आलेली मारुती 800 यांच्या काळात मिस्त्रीचा कान हेच यंत्र होते. कार्बुरेटरचा हवेचा स्क्रू आणि स्लोचा स्क्रू फिरवून उस्ताद मंडळी आयडल जमवीत. पुढे पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आले आणि हवा-पेट्रोलचा हिशेब कॉम्प्युटर करू लागला. 1 एप्रिल 2020 पासून तर नव्या गाड्यांना भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले. कान आजही हवाच, पण स्क्रू फिरवण्याचे दिवस संपले. थ्रॉटलवरचा स्क्रू कंपनीत बसवलेला असतो. तो फिरवला की कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो आणि पुढचा मिस्त्रीही गोंधळतो.

आधी विचारा

बॉनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत. दोष थंड इंजिनात दिसतो की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढतो का? अलीकडे कोणते काम केले होते? गाडी बरेच दिवस उभी होती का? थंड इंजिन सकाळी थोडा वेळ बाराशे ते पंधराशेवर चालणे हा दोष नव्हे. बहुतेक लहान पेट्रोल गाड्या गरम झाल्यावर साधारण सातशे ते नऊशे आरपीएमवर स्थिरावतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. आरपीएम स्थिर असून फक्त बॉडी थरथरत असेल, तर इंजिनला हात लावण्यापूर्वी माउंटिंगचे रबर तपासावे.

आयडल चढलेले असेल तर

पहिली तपासणी फुकटची. एक्सिलरेटरची केबल कुठे अडकते का, तिला थोडी ढील आहे का, पायाखालची मॅट पेडलवर चढली आहे का, ते पाहा.

दुसरी तपासणी हवेच्या गळतीची. थ्रॉटल बंद असताना इंजिन मॅनिफोल्डमधून जोराने हवा ओढत असते. एखादा रबरी पाइप तडकला किंवा गॅस्केट सुटले की चोरवाटेने हवा आत शिरते. अनेक लहान गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो. हवा वाढली की कॉम्प्युटर पेट्रोलही वाढवतो आणि आयडल चढते. ज्या गाड्यांत हवा आधीच मोजली जाते, तेथे चोरून आलेल्या हवेचा हिशेब लागत नाही, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन डळमळते. म्हणून एकेक पाइप पकडीने हलकेच दाबून पाहा. ज्या पाइपाला दाबताच आवाज बदलतो, त्याच वाटेवर दोष शोधा. जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारूनही गळती कळते, वायरिंग मात्र वाचवा. पेट्रोल किंवा स्प्रे गरम सायलेन्सरजवळ कधीही मारू नये, आगीशी खेळ नको. ब्रेकच्या बूस्टरचा पाइप गळत असेल तर ब्रेकही जड होतो. अशी गाडी दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर सोडू नये.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. "आपल्या भागात ऊन फार" म्हणून तो काढून टाकण्याची जुनी सवय आहे. परिणाम असा की इंजिन लवकर तापत नाही, कॉम्प्युटर त्याला थंडच समजतो आणि पेट्रोल जास्त देऊन आयडल चढते ठेवतो. तापमानाचा सेन्सर बिघडला तरी हेच घडते.

आयडल डळमळत असेल तर

थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की हवेची वाट अरुंद होते. साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाती चावी चालू असताना बोटाने ढकलू नये. काजळीची सवय झालेला कॉम्प्युटर साफसफाईनंतर काही काळ आयडल चढवतो. घाबरून स्क्रूला हात लावू नये. अनेक गाड्यांत कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावे लागते, ती रीत मॅन्युअलमध्ये असते.

मिसिंग असेल तर चालू इंजिनात एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहा. ज्याचे काढल्यावर आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. प्लगची वायर ओढून पाहण्याची जुनी पद्धत सोडा. शॉक बसतो, कॉइल जाते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद करते. सिलिंडर सापडला की त्याची कॉइल आणि प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष सोबत सरकला तर तोच पार्ट खराब. सरकला नाही तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन आणि टॅपेट तपासा. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल ओलावा ओढून घेते. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसू शकते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइपही तपासून घ्यावेत.

स्कॅनर मदतनीस आहे, मालक नव्हे

स्कॅनरवर पी 0507 आले तर आयडल ठरल्यापेक्षा जास्त आहे, पी 0300 आले तर मिसिंग आहे, पी 0171 आले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. पण कोड फक्त दुखणे सांगतो, कारण सांगत नाही. पी 0171 पाहून सेन्सर बदलायचा आणि तडकलेला पाइप तसाच ठेवायचा, ही उमरीच्या गिऱ्हाइकाचीच गोष्ट पुन्हा झाली. तरीही आज स्कॅनरवाचून धंदा चालणार नाही. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. घरच्या मुलांना हाताखाली ठेवताना आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही पूर्ण करू द्यावा. उस्तादाचा कान आणि मुलाचा स्कॅनर एकत्र आले तर गिऱ्हाइकाला नांदेड गाठावे लागणार नाही.

शेवटची परीक्षा

काम झाल्यावर गाडी पूर्ण गरम करा, एसी व दिवे लावून पाहा, मग पीयूसीला पाठवा. ती तपासणी आयडलवरही होते. भारत स्टेज 2 आणि 3 च्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे, म्हणजे दडवलेला दोष तेथे उघडा पडू शकतो. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्या आणि काय सापडले ते दोन वाक्यांत सांगा. दोष पन्नास रुपयांच्या पाइपात निघाला तर पाइपाचे पैसे घ्या आणि शोधण्याची मजुरी मोकळेपणाने वेगळी मागा. ती हुन्नराची रास्त कमाई आहे. नको असलेला पार्ट विकून मिळालेला नफा एकदाच मिळतो, भरवशाचे गिऱ्हाईक मात्र पिढ्यान्‌पिढ्या येत राहते.